आत काही ओतलंय का?

मी, यू बोंग-ची, दिवंगत चो किम-त्सुई यांची पत्नी, वय पंचाहत्तर, धंदा तुंबलेल्या नळ्या मोकळ्या करणे, राहणार कीलुंग, बंदरामागच्या टेकडीवर, चौथ्या जिन्याची गल्ली, माझे शेवटचे म्हणणे पुढीलप्रमाणे सांगते. पोटातली गाठ वाढते आहे, डोके मात्र जागेवर आहे. डॉक्टरने तसा कागद दिला आहे आणि तो सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही आणि गोड बोलून कोणी वळवलेलेही नाही. गोड बोलून वळवता आले असते, तर माझे आयुष्य सोपे गेले असते.

माझ्या नावाचा अर्थ आमच्या बोलीत 'आता झालीच आहे, तर वाढवू' असा होतो. मी चौथी मुलगी. को मास्तर म्हणाले, हे मृत्युपत्रात कशाला? मी म्हटले, माणूस कोण ते आधी कळू दे, मग त्याची मालमत्ता.

को मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक. मी सांगते आहे आणि ते लिहीत आहेत. ते माझी वाक्ये सुधारतात, मी ती पुन्हा बिघडवून घेते.

एक. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. एका वर्षी रागाच्या भरात कॅलेंडरच्या पाठीमागे काही लिहिले होते. ते कोणाला सापडल्यास रद्द समजावे. त्यातल्या शिव्या मात्र खऱ्या आहेत.

दोन. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची फरशी. ते माझा एकुलता एक मुलगा चो मिंग-त्सान याला मिळावे. त्याने ते कमावले म्हणून देते आहे असे नाही. त्याच्या बापाची तशी इच्छा होती आणि कायदाही तेच सांगतो. घराच्या नळ्या बिडाच्या आहेत, सासऱ्यांच्या वेळच्या, आतून गंजून पातळ झालेल्या. मिंग-त्सान, तुझ्या दुकानातली नळी मोकळी करायच्या औषधाची लाल बाटली या घराच्या मोरीत ओतायची नाही. तुंबले तर माझ्या हाताखालच्या थुईला बोलाव. ती तुझ्याकडून रीतसर मजुरी घेईल. घ्यावीच.

पोस्टाच्या पुस्तकात जे असेल त्यातून माझे क्रियाकर्म उरकावे. उरलेले थुईच्या मुलीच्या शिक्षणाला जावे. त्यावर वाद नको.

तीन. हत्यारे. माझी सगळी हत्यारे ल्युओंग थी थुई हिला द्यावीत. थुई व्हिएतनामहून लग्न होऊन इथे आली. नवऱ्याने टाकले, तेव्हा ती माझ्या दारात येऊन म्हणाली होती, "मावशी, मला घाणीची लाज नाही. घरी बसायची आहे." अकरा वर्षे झाली. गल्लीतल्या बायका आधी तिला 'ती परदेशी' म्हणायच्या. आता मोरी उलटी वाहायला लागली, की 'आमची थुई' म्हणतात.

थुई, तुला हे सगळे पाठ आहे. तरी कागदावर असू दे. कागद हरवत नाही, म्हातारी हरवते.

हत्यार निवडताना आधी डोळे, मग हात, मग रबर, मग तार आणि सगळ्यात शेवटी यंत्र. जो माणूस गाडीतून उतरताच यंत्र काढतो त्याला धंदा येत नाही, त्याला आवाज येतो. घरातले एकच भांडे तुंबले असेल तर अडथळा जवळ आहे, सिंकखालची वाकडी नळी सोडवून बघ. सगळे घरच उलटे वाहत असेल तर आत वेळ घालवू नकोस, बाहेरच्या चेंबरचे झाकण उघड.

रबरी पंप दोन ठेव. सिंकला सपाट कडेचा आणि संडासाला खाली ओठ असलेला. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही, हे नव्वद टक्के लोकांना मरेपर्यंत कळत नाही. सिंकच्या वरच्या अंगाला जे भोक असते, त्यात ओले फडके कोंबल्याशिवाय पंप मारू नये, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो आणि आपण मूर्खासारखे हलत राहतो.

तारांपैकी बारीक तार हात धुण्याच्या भांड्यांची, जाड तार फरशीखालच्या नळीची. केस आणि चिंध्या असतील तर मळसूत्री टोक लाव, ते गुंतवून ओढून आणते. चरबी असेल तर फाळाचे टोक लाव. पण फाळ चरबीत फक्त भोक पाडतो. पाणी गेले म्हणून गिऱ्हाईक खूश होते, पंधरा दिवसांनी भोक बुजते आणि तुझे नाव खराब होते. चरबीला शेवटी गरम पाण्याची जोरदार धारच लागते. झाडाच्या मुळांना कातीचे टोक लाव, तेही सावकाश. जुन्या मातीच्या नळीत घाई केलीस, तर मुळांबरोबर नळीही जाते.

तार हातात पीळ खायला लागली, की थांब. पुढे ढकलू नकोस. कापडी हातमोजे घालून फिरती तार धरायची नाही, ती मोज्यासकट बोट घेते. चामड्याचे घाल.

आणि हे सगळे करण्याआधी, दारातच, चपला काढायच्याही आधी, विचारायचे: आत काही ओतलंय का? ज्याने ओतलेले असते तो बहुतेक वेळा 'नाही' म्हणतो. त्याला लाज वाटते. म्हणून पाण्याचा वास घ्यायचा, सिंकखाली रिकामी बाटली आहे का बघायची, आणि पुन्हा विचारायचे. मी हा प्रश्न तुला तीनदा विचारायला लावते म्हणून तू हसायचीस. का लावते, ते मी तुला कधी सांगितले नाही. खाली सहाव्या कलमात आहे.

चार. टेलिफोनचा नंबर. बंदरापासून बाजारापर्यंतच्या भिंतींवर आमच्या धंद्याची जाहिरात रंगवलेली आहे आणि तिच्याखाली हा नंबर आहे. काही भिंती पडल्या, नंबर लोकांच्या तोंडात राहिला. तो थुईच्या नावावर करावा. मिंग-त्सानने किंवा त्याच्या काकाने हा नंबर मागितल्यास देऊ नये. काकाने एकदा मागितला होता. म्हणाला, "वहिनी, तुझं वय झालं, नंबर वाया जाईल." मी म्हटले, "भाऊजी, वाया जायच्या गोष्टी आपल्या घरात अजून बऱ्याच आहेत, आधी त्यांचं बघा."

हा नंबर नुसता आकडा नाही. माझा नवरा एकवीस वर्षे त्या टेलिफोनशेजारी बसला होता. त्याला दिसत नव्हते. लोक फोन करायचे आणि तो विचारायचा: पाणी जाताना आवाज येतो का? गुडगुड येतो की गिळल्यासारखा? शेजारचं भांडं चढतं का? घरात लांब केसांचं कोण आहे? दोन मिनिटांत सांगायचा, "बोंग-ची, जाड तार आणि फाळ. साडेचार मीटरवर असेल." मी जायचे आणि अडथळा साडेचार मीटरवरच निघायचा. डोळे होते तेव्हा तो इतका चांगला कारागीर नव्हता. हे मी त्याला एकदा बोलून दाखवले. तो बराच वेळ हसला आणि मग पुढचा फोन उचलला.

पाच. मी मेल्यावर माझ्या नावाची पाटी कुळाच्या देव्हाऱ्यात सासूबाईंच्या पाटीला लागून ठेवू नये. मधे निदान एक जागा सोडावी. जागा नसेल तर मला मंदिराच्या सार्वजनिक दालनात ठेवावे, तिथे अनोळखी लोक असतात. बाई कष्टाची होती, हे मी नाकारत नाही. पण तिने एका थंडीत मला सासऱ्यांच्या पाटीपुढे दोन तास गुडघ्यांवर बसवले. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते, माझा मुलगा बारा वर्षांचा होता आणि तो दारातून बघत होता. माझा गुन्हा असा, की धाकट्या दिराने आमचे कातीचे टोक न विचारता नेले आणि हरवले, आणि मी त्याला खोटारडा म्हटले.

सासूबाई म्हणाल्या, "दोघा भावांच्या मधे तोंड घालशील, तर या घरातून बाहेर काढीन."

माझा नवरा तिथेच होता. तो चहा पीत राहिला.

हे कलम लहान वाटले तरी ते मोठे आहे. पुढचे त्यावरच उभे आहे.

सहा. माझा दीर चो थ्याम-होक याला माझ्या मालमत्तेतले काहीही मिळू नये. त्याने माझ्या शवपेटीपुढे उदबत्ती लावू नये. माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीला त्याने पाठवला होता तसा फळांच्या रसाच्या डब्यांचा श्रद्धांजलीचा मनोरा पाठवू नये. तो मनोरा मेलेल्याच्या तसबिरीपेक्षा दोन हात उंच होता आणि त्यावर दिराचे नाव तसबिरीखालच्या नावाहून मोठे होते.

याचे कारण मी आज पहिल्यांदा सांगते. तिघे साक्षीदार ऐकत आहेत. त्यांनी बाहेर बोलू नये. मी मेल्यावर बोलावे.

त्याच थंडीत, वर्ष संपायला चार दिवस राहिले होते. मंदिराजवळ एक खानावळ होती, डुकराच्या खुरांच्या रश्श्यासाठी नावाजलेली. वर्षअखेरीच्या गर्दीत तिचे मोठे सिंक तुंबले. मालकाने सकाळी थ्याम-होकला बोलावले. तो एकटा गेला. त्याला लवकर मोकळे व्हायचे होते, म्हणून त्याने तार काढलीच नाही. रंगाच्या दुकानातून आणलेले कडक ॲसिड ओतले. चरबीचा गोळा इतका जाड होता, की ॲसिड वरच साचून राहिले. तासाभराने तो घाबरला आणि दुपारी आमच्याकडे आला.

"दादा, एक अवघड काम आहे. तूच लागशील."

माझा नवरा हरखला. धाकटा कधी असे म्हणायचा नाही. तिघेही निघालो. मी नेहमी सोबत जायचे, तार गुंडाळायला आणि पाणी भरायला.

खानावळीच्या मागच्या बोळात थ्याम-होकची स्कूटर उभी होती. मी बादली काढायला गेले. त्याच्या टोपलीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी होते. मी कागद बाजूला केला. जाड प्लास्टिकची बाटली, रिकामी. झाकणाशी नाक नेले आणि डोळ्यांत पाणी आले. तो वास एकदा घेतला की विसरता येत नाही.

मी बादली घेऊन आत आले. माझा नवरा सिंकसमोर उभा होता. त्यात हातभर काळे पाणी साचलेले. त्याने नेहमीप्रमाणे विचारले, "थ्याम, आत काही ओतलंय का?"

"नाही दादा. काही नाही."

मी दोघांच्या मधे, तीन पावलांवर उभी होते. माझे तोंड उघडले होते. एवढेच म्हणायचे होते: ओतलंय. एक शब्द.

मी तोंड मिटले.

को मास्तरांनी इथे लेखणी ठेवली आणि विचारले, "का, बोंग-ची?" लिहा मास्तर. कारण माझ्या गुडघ्यांवरचे काळे-निळे डाग अजून गेले नव्हते. कारण मी ठरवले होते, दोघा भावांच्या मधे परत तोंड घालायचे नाही, तुमचे तुम्ही बघा. आणि खरे सांगायचे तर, कारण मला वाटले, बोटाला चटका बसेल. बसू दे. याला एकदा कळू दे आपला भाऊ कसा आहे ते. त्या थंडीत याने माझ्यासाठी चहाचा पेला खाली ठेवला नव्हता.

मला खरोखर वाटले होते, बोटाला चटका बसेल.

त्याने रबरी पंप घेतला. साचलेल्या पाण्याला पहिले हत्यार तेच. त्याने वरच्या भोकात ओले फडके कोंबले, पंप नीट बसवला आणि दोनदा दाबला. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा ते सगळे वर आले.

पुढचे मी सांगणार नाही. खानावळवाल्याच्या बायकोने नळाखाली त्याचे डोके धरले होते, एवढे पुरे. मी तिथेच उभी होते, बादली हातात.

थ्याम-होकने इस्पितळात जमलेल्या सगळ्यांना सांगितले, "दादाने चुकीचं हत्यार लावलं. मी म्हणत होतो तार लाव, तो ऐकेना. आतली घाण अंगावर आली." डॉक्टर म्हणाला, हे ॲसिड आहे. थ्याम-होक म्हणाला, मग मालकाने ओतलं असेल, या खानावळवाल्यांचा काय भरवसा. मालक ओरडून ओरडून दमला. पुढचे वर्ष संपायच्या आत त्याने खानावळ विकली आणि तो दक्षिणेला निघून गेला. त्याच्यावरही अन्याय झाला. त्याचा पत्ता मला माहीत नाही, असता तर एक कलम त्याच्या नावाने लिहिले असते.

दहाव्या दिवशी माझा नवरा पट्ट्यांखालून हळूच मला म्हणाला, "थ्यामने ओतलं होतं. पाण्याचा वास मला उशिरा आला. कुणाला सांगू नकोस."

"का?"

"आई आहे. तिला दोनच मुलगे. एकाचे डोळे गेले, दुसराही जायला नको."

मी म्हटले, "बरं."

त्याला वाटले, हे त्यानेच मला सांगितले. मला आधी माहीत होते, हे त्याला माहीत नव्हते.

सासूबाई सात वर्षांनी गेल्या. त्यानंतर मी म्हटले, आता सांगू? तो म्हणाला, "आता काय उपयोग? मी जिवंत आहे तोवर राहू दे." तो प्रजासत्ताक सनाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेला. त्यानंतर चौदा वर्षे मला कोणी अडवले नव्हते. ती चौदा वर्षे माझी स्वतःची आहेत, त्यांचा दोष सासूबाईंवर किंवा नवऱ्यावर घालू नये.

लोक सगळीकडे म्हणत राहिले, किम-त्सुईने चुकीचे हत्यार निवडले. धंद्यातली पोरे दाखला म्हणून त्याचे नाव घेत. भर बाजारात एकाने माझ्यासमोर घेतले. म्हणून मी येथे, शुद्धीवर, तीन साक्षीदारांसमक्ष लिहवून ठेवते: चो किम-त्सुई याने निवडलेले हत्यार बरोबर होते. त्याला मिळालेले उत्तर खोटे होते.

सात. हे कलम फक्त मिंग-त्सानसाठी आहे.

तू सैन्यातून परत आलास तेव्हा काकाचे लाल बाटलीचे दुकान जोरात होते. 'एकदा ओता, विसरून जा' अशी पाटी त्यावर होती. तू घरी येऊन म्हणालास, "काकाने मला कामावर घेतलंय." मी हातातला वाडगा आपटला.

"त्या माणसाच्या दुकानात? बाटल्या विकायला?"

"मग काय करू आई? तुझ्यामागे बादल्या वाहू? निदान काका मला खरं सांगतो. बाबांनी चूक केली, एवढं या घरात कुणी मोठ्याने म्हणत नाही. शाळेत सगळे म्हणायचे. तुम्ही दोघं मात्र मूग गिळून बसलात."

तुझा बाप समोर रताळ्याची पेज खात होता. त्याने चमचा शोधून खाली ठेवला. मला वाटले, आता बोलेल. त्याने विचारले, "दुकानात हातमोजे देतात का?"

तू म्हणालास, "देतात."

"जाड?"

"हो बाबा, जाड."

"मग जा. काम चांगलं आहे."

तू गेलास. त्या दिवशी मला तुझा भयंकर राग आला, आणि तो राग मी इतकी वर्षे जपला. सणाला तू फळांची टोपली आणायचास आणि मी ती शेजारच्या सु-ओच्या घरी द्यायचे. तुझ्या लग्नात मी हसले नाही. तुझ्या बायकोला वाटते ती मला आवडत नाही. तिच्यात काही वाईट नाही, तिला सांग. राग तुझ्यावर काढणे सोपे होते, कारण तुला काहीच माहीत नव्हते.

तुला मी वेगळी एक वस्तू देते आहे. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, तेलकागदात बांधलेला रबरी पंप आहे. तो सपाट कडेचा आहे, सिंकचा. त्याची कड खाल्ली गेली आहे आणि लाकडी दांडा खालून करपला आहे. त्या दिवशी खानावळीतून सगळे इस्पितळाकडे धावले तेव्हा मी तो बादलीत टाकून घरी आणला. का आणला, माहीत नाही. तू धंद्यातला आहेस. उजेडात धरून बघ. हे साध्या सांडपाण्याने झाले आहे का, ते तूच ठरव. तुझ्या दुकानात बाटली कोणत्या कामाची आणि कशावर कधी ओतायची नाही, हे तू गिऱ्हाइकाला सांगतोस की नुसती पिशवीत घालून देतोस, तेही ठरव.

आठ. हे कलम मागाहून घातले आहे. वरचे सगळे लिहून झाल्यावर मला चैन पडेना. मी म्हटले, माणूस जिवंत आहे तोवर त्याच्या तोंडावर वाचावे. मेल्यावर सगळेच शूर. गेल्या महिन्यात थुई मला थ्याम-होककडे घेऊन गेली. त्याला पक्षाघात झाल्यापासून तो मुलीकडे, नव्या इमारतीत राहतो. उजवा हात गेला आहे, बोलणे शाबूत आहे. मी थुईला बाहेर बसवले आणि सहावे कलम त्याला पहिल्यापासून वाचून दाखवले. मला वाचायला वेळ लागतो. त्याने सगळे ऐकून घेतले.

वाचून झाल्यावर म्हणाला, "वहिनी, एक राहिलं."

"काय राहिलं?"

"टोपलीतला कागद. मी तो बाटलीभोवती दोन वेळा गुंडाळला होता. इस्पितळातून परत आलो तेव्हा तो सुटा पडला होता."

मी हातातल्या कागदाची घडी घातली.

"तू बघितलंस, हे मला तेव्हापासून माहीत आहे. आणि मी 'नाही' म्हणालो तेव्हा दादाकडे बघत नव्हतो. तुझ्याकडे बघत होतो. तू मान खाली घातलीस. मला वाटलं, तू बोलत नाहीस म्हणजे चालेल. वरचं ॲसिड एव्हाना पाण्यात पातळ झालं असेल."

"तू माझ्यावर ढकलतोस?"

"नाही. ओतलं मी. खोटं बोललो मी. पण वहिनी, पस्तीस वर्षं दारावर टकटक झाली की मला वाटायचं, आज तू आलीस सांगायला. तू आली नाहीस. मी म्हटलं, हिलाही भीती आहे. मग मला जगायला सोपं गेलं."

त्याचे डोळे कोरडे होते, माझेही. तो रडला असता, तर मला तिथून उठणे सोपे गेले असते. त्याच्या मुलीने पेरू कापून आणले. मी एक फोड खाल्ली, कारण ताट पुढे आले होते. मग थुईने मला जिना उतरवला.

"काय म्हणाले, मावशी?" तिने विचारले.

"खरं बोलला," मी म्हटले. "हलकट कुठला."

घरी येऊन मास्तरांना विचारले, सहावे कलम बदलावे का? ते म्हणाले, तुझी मर्जी. मी बदलत नाही. उदबत्ती नको, मनोरा नको, काही नको. मी त्याला क्षमा केलेली नाही. फक्त एक गोष्ट आता मला नीट माहीत आहे. त्या दिवशी त्या सिंकपाशी खोटे दोघांनी सांगितले. एकाने तोंडाने आणि एकीने मान खाली घालून. पस्तीस वर्षे मी याचा एवढा द्वेष केला आणि तो कधी पुरला नाही. का पुरला नाही, ते तो जिना उतरताना कळले.

नऊ. हे मृत्युपत्र उघडताना मिंग-त्सान आणि त्याचा काका एकाच खोलीत असावेत. वाचन को मास्तरांनी करावे. त्यांची प्रकृती बरी नसल्यास मंदिराचे लेखनिक लाई यांनी करावे. काहीही गाळू नये. वाचन संपेपर्यंत कोणी उठू नये. थुईने दार लावून बाहेर थांबावे. आत भांडी फुटली तरी दार उघडू नये. ती भांडी माझी आहेत.

मृत्युपत्राची अंमलबजावणी को मास्तरांकडे सोपवते. त्यांना त्याबद्दल माझी शिसवी खुर्ची द्यावी, ती ते गेली वीस वर्षे मागत आहेत.

मिंग-त्सान, वाचून झाल्यावर तू चिडशील. आधी माझ्यावर चीड, काकाची पाळी नंतर. मी तुझी माफी मागत नाही, कारण ती तुझ्याकडे मागायची नव्हती. ज्याच्याकडे मागायची तो एकवीस वर्षे माझ्या हातचे जेवला. मी कामावरून आले, की पाय धुवायच्या आधी तो टेलिफोनशेजारून विचारायचा, "बोंग-ची, आज नळीतून काय काय निघालं?" मी त्याला सगळे सांगायचे. केस, चिंध्या, खेळण्यातली गाडी, एकदा सोन्याची अंगठी, एकदा कोणाचे तरी दात. तो पोट धरून हसायचा आणि म्हणायचा, "अजून? अजून काय होतं आत?"

मी म्हणायचे, बस, एवढंच होतं.

वरील मजकूर को मास्तरांनी मला दोनदा वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. मला सही करता येते. ती केली आहे आणि शिक्काही उमटवला आहे. हाताला कंप असल्यामुळे शिक्का थोडा तिरका पडला आहे, तो तसाच ग्राह्य धरावा.

यू बोंग-ची (सही व शिक्का)

साक्षीदार, तिघेही सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर होते:

को शुन-यी, निवृत्त शिक्षक, लेखन करणार (सही व शिक्का)

लाई चिंग-माओ, मंदिराचे लेखनिक (सही व शिक्का)

हुंग सु-ओ, मासळीच्या गोळ्यांचे दुकान, शेजारीण (सही व अंगठा)

ठिकाण: कीलुंग, चौथ्या जिन्याची गल्ली, राहते घर

दिनांक: प्रजासत्ताक वर्ष ११२, दहावा महिना, एकोणीस तारीख, सकाळी